पाठीवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ज्याचा मुक्काम आज येथे तर उद्या तेथे, अशा माणसाविषयी बोलताना आपण ती वापरतो. विंचवाची मादी आपली इवली इवली पिले पाठीवर घेऊन हिंडते, त्यावरून ही म्हण पडली. परंतु नीट विचार केला, तर विंचवाच्या पाठीवर असतात ती त्याच्या घरची माणसे, घर नव्हे. गोगलगाय आणि कासव यांच्या पाठीवर घर असते खरे. पण ते त्यांच्या अंगाबरोबरच वाढते. ते शोधण्यासाठी त्यांना कोठे जावे लागत नाही. दुसऱ्याने मागे ठेवलेले घर हुडकून काढणारा, ते आपल्या मापाचे आहे की नाही हे तपासून पाहणारा, आणि ते अपुरे पडू लागताच दुसरे घर धुंडाळणारा असा एक निराळाच प्राणी आहे. तो आहे एक खेकडा. रिकाम्या शंखात तो एकटा राहतो, म्हणून इंग्रजी भाषेत त्याला एकांतवासी बैराग्याचे नाव मिळाले. आपण त्याला संन्यासी खेकडा म्हणू.

आसनगाव, शहापूर, मुरबाड या भागातील मुलांना खेकडा हा प्राणी नवा नाही. मृगाच्या सरी कोसळल्या, ओढे-नाले खळाळू लागले, की बिळांत दडलेले खेकडे बाहेर पडतात आणि रात्री उजेड घेऊन माणसे ओढ्याकाठी त्यांच्या शोधात फिरतात. भातखाचरांच्या बांधांवरील खेकड्यांची बिळे तर शेतकऱ्याच्या नित्य ओळखीची. या ओढ्यातील खेकड्याची पाठ ताटलीसारखी रुंद आणि टणक असते. त्याला उलटा करून पाहिले, तर छातीखाली एक चपटी पट्टी दुमडून बसलेली दिसते. तेच त्याचे पोट. तेही कठीण कवचाने झाकलेले. असा हा खेकडा नखशिखांत चिलखत घातलेल्या शिपायासारखा असतो.

संन्यासी खेकड्याला हे भाग्य लाभलेले नाही. त्याचे डोके, नांग्या आणि पुढचे पाय कठीण असतात. पण पोट मात्र लांबट, मऊ आणि उघडे असते. शिपायाने छातीवर चिलखत चढवावे आणि पाठ उघडी टाकून रणांगणात उतरावे, तशी त्याची अवस्था असते. माशाने किंवा पक्ष्याने एक चोच मारली, तरी त्याचा प्राण जावयाचा. म्हणून तो आपले पोट रिकाम्या शंखात घालतो. शंख हे गोगलगाईच्या जातीच्या प्राण्यांचे घर. तो प्राणी मेला, की त्याचा शंख मागे राहतो, आणि एकाच्या मरणाने रिकामे झालेले घर दुसऱ्याचे जीवन राखते.

या घरासाठी निसर्गाने त्याचे शरीरही तसेच घडविले आहे. बहुतेक शंखांचे वेढे उजवीकडे वळलेले असतात. संन्यासी खेकड्याचे पोटही उजवीकडेच वळलेले असते. त्याला पायांच्या पाच जोड्या असतात. पहिली जोडी नांग्यांची. पुढच्या दोन जोड्या चालण्यासाठी. शेवटच्या दोन जोड्या मात्र अगदी आखूड असतात. त्या बाहेर दिसतही नाहीत. शंखाच्या आतल्या भिंतीला घट्ट धरून ठेवणे एवढेच त्यांचे मुख्य काम. ही पकड अशी जबर असते, की कोणी त्याला शंखातून ओढून काढू लागला, तर त्याचे अंग तुटते, पण पकड सुटत नाही. भीती वाटली, की तो सर्वच्या सर्व आत शिरतो. काही जातींत एक नांगी मोठी असते. ती शंखाच्या तोंडाशी अशी नेमकी बसते, की जणू घराचे दार लावून घेतले.

प्राचीन ग्रीस देशात डायोजेनिस नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने घरदार सोडले होते आणि तो एका मोठ्या मातीच्या रांजणात राहत असे, अशी कथा सांगतात. शास्त्रज्ञांनी या खेकड्यांच्या एका गटाला त्या तत्त्वज्ञाचेच नाव दिले आहे. डायोजेनिस गटातील खेकडे आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरही आढळतात.

शरीर वाढते, पण शंख वाढत नाही. त्यामुळे संन्यासी खेकड्याला वरचेवर घर बदलावे लागते. रिकामा शंख दिसला, की तो आधी त्यावरून नांग्या फिरवितो, त्याच्या तोंडातून आत चाचपून पाहतो, तो उलटासुलटा करतो. वजन झेपेल काय, आत भोक तर नाही ना, जागा पुरेल ना, याची खात्री पटली, की क्षणार्धात तो जुन्या शंखातून बाहेर येतो आणि नव्यात शिरतो. हा क्षण त्याच्या आयुष्यातील मोठा धोक्याचा. नवे घर पसंत पडले नाही, तर तो तितक्याच त्वरेने जुन्या घरी परत जातो.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. एखादा मोठा शंख वाळूवर येऊन पडतो. तो पाहावयास आलेल्या खेकड्याला तो फार मोठा वाटतो. पण म्हणून तो खेकडा निघून जात नाही, तेथेच थांबतो. थोड्या वेळाने दुसरा येतो, तिसरा येतो. मग ते सारे उंचीप्रमाणे रांग धरतात. सर्वांत मोठा पुढे, त्यामागे त्याहून लहान, त्यामागे आणखी लहान. ज्याच्या मापाचा तो शंख असतो, असा खेकडा येऊन त्यात शिरला, की त्याचे रिकामे झालेले घर दुसऱ्याला मिळते, दुसऱ्याचे तिसऱ्याला, तिसऱ्याचे चौथ्याला. चाळीतील एका कुटुंबाने मोठी जागा घेतली, की त्यांची खोली शेजाऱ्यांना मिळते आणि शेजाऱ्यांची खोली आणखी कोणाला, तसाच हा प्रकार. एका शंखाने पाच-सहा जणांची सोय होते. शंख कमी पडले, की हाणामाऱ्या होतात आणि एकमेकांना घराबाहेर काढण्याचे प्रकारही घडतात. किनाऱ्यावरचा प्रत्येक चांगला शंख त्यांच्या दृष्टीने किती मोलाचा असतो, हे यावरून कळेल.

संन्यासी खेकडे मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला प्रकार समुद्रात राहणाऱ्यांचा. मुंबई, अलिबाग आणि सर्व कोकण किनारपट्टीवर ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत शंख चालताना दिसतात, ते बहुधा हेच. यांना समुद्राच्या पाण्यावाचून जगता येत नाही. दुसरा प्रकार जमिनीवर राहणाऱ्यांचा. उष्ण प्रदेशांतील बेटांच्या किनाऱ्यांवर ते आढळतात. आपल्या देशात लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार बेटांवर ते पुष्कळ आहेत. दिवसा पालापाचोळ्याखाली दडून बसावे आणि रात्री बाहेर पडून पडलेली फळे, पाने, मेलेले मासे, जे मिळेल ते खावे, असा त्यांचा क्रम असतो. त्यांना लोक संन्यासी म्हणत असले, तरी ते घोळक्याने राहतात. यांचाच एक मोठा भाऊबंद म्हणजे नारळ खेकडा. जमिनीवर राहणाऱ्या खेकड्यांत तो सर्वांत मोठा. लहानपणी तोही शंखात राहतो. पुढे त्याचे पोट कठीण होते आणि तो शंख कायमचा टाकून देतो. निकोबारच्या बाजूच्या काही बेटांवर तो आढळतो आणि आपल्या देशातील वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडण्यास बंदी आहे.

“गुरुजी, असा खेकडा आम्हांला घरी पाळता येईल काय?” असा प्रश्न आता तुमच्यापैकी कोणी तरी विचारील. प्रश्न योग्य आहे. अमेरिकेसारख्या देशांत जमिनीवरचे संन्यासी खेकडे दुकानांतून विकले जातात आणि अनेक मुले ते हौसेने पाळतात. पाळणे म्हणजे काय करावयाचे, ते आधी पाहू.

पहिली गोष्ट हवेची. जमिनीवर राहत असला, तरी हा खेकडा कल्ल्यांनीच श्वास घेतो. कल्ले ओले असतील तोवरच त्यांचे काम चालते. म्हणून त्याच्या भोवतालची हवा सदैव दमट लागते. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास आणि उष्णता सुमारे २४ ते ३० अंश सेल्सिअस. त्यासाठी झाकण असलेली मोठी काचेची पेटी हवी. शहापूरकडची मार्च-एप्रिलमधील कोरडी हवा आठवा. तशा हवेत उघड्या टोपलीत ठेवलेला खेकडा हळूहळू गुदमरून मरतो, आणि पाहणाऱ्याला वाटते, की तो झोपला आहे.

दुसरी गोष्ट वाळूची. वाढण्यासाठी प्रत्येक खेकड्याला जुने कवच टाकावे लागते. साप कात टाकतो, तसेच हे. संन्यासी खेकडा यासाठी ओल्या वाळूत खोल बीळ करून स्वतःला पुरून घेतो. तेथे तो काही आठवडे, मोठा असेल तर महिना-दोन महिनेही निश्चल पडून राहतो. टाकलेले कवच तो स्वतःच खातो, कारण नवे कवच घट्ट होण्यासाठी त्यातील चुना त्याला हवा असतो. या काळात त्याचे सर्वांग लोण्यासारखे मऊ असते. म्हणून पेटीत निदान वीतभर खोल ओलसर वाळू हवी. ‘मेला की काय’ म्हणून ज्याने उतावीळपणे वाळू उकरली, त्याच्या हातून तो खेकडा खरोखरच मरतो. ज्याला दोन महिने काहीही न पाहता वाट पाहता येत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये हे बरे.

तिसरी गोष्ट पाण्याची. त्याला दोन भांडी लागतात. एक गोड्या पाण्याचे, दुसरे समुद्राच्या पाण्याचे. शंखात तो थोडे पाणी साठवून ठेवतो आणि दोन्ही पाण्यांचा आपल्याला हवा तसा मेळ घालतो. स्वयंपाकघरातील मीठ पाण्यात कालविले म्हणजे समुद्राचे पाणी तयार होत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम अशी इतर द्रव्येही असतात. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी घातलेले क्लोरीनही त्याला बाधते.

चौथी गोष्ट घरांची. अंगावर एक शंख असला, तरी वाढीच्या मापाचे चार-पाच रिकामे शंख जवळ लागतात. रंग दिलेले चकचकीत शंख दुकानात आकर्षक दिसतात, परंतु त्या रंगाचे पापुद्रे निघून खेकड्याच्या पोटात जातात. तेव्हा शंख नैसर्गिकच हवेत. ते कोठून आणावयाचे? किनाऱ्यावरूनच. म्हणजे एका खेकड्याला घरी ठेवण्यासाठी किनाऱ्यावरच्या चार-पाच खेकड्यांची घरे उचलून आणावी लागतात.

पाचवी गोष्ट अन्नाची आणि सोबतीची. फळे, कोवळी पाने, खोबरे, सुकट, समुद्रफेन असे मिश्र अन्न त्याला चालते. उरलेले रोज काढून टाकावे लागते, नाही तर बुरशी धरते. एकट्याला ठेवू नये; जमिनीवरचे हे खेकडे घोळक्यात वावरणारे आहेत. आणि त्याला वारंवार हातात घेऊन खेळवू नये. आपल्याला वाटते, तो खेळतो आहे. तो मात्र जीव मुठीत धरून बसलेला असतो.

हे सारे ज्याने मनापासून केले, अशा काही माणसांकडे हे खेकडे वर्षानुवर्षे जगले आहेत. निसर्गात त्यांना ३० वर्षांपर्यंत आयुष्य लाभू शकते. परंतु हौसेखातर विकत घेतलेल्या बहुसंख्य खेकड्यांचे आयुष्य काही महिन्यांतच संपते. म्हणून ज्यांच्या घरी असा खेकडा आधीच आला आहे, त्यांनी वर सांगितलेल्या पाचही गोष्टी कसोशीने पाळाव्यात. तो आता त्यांच्या आधीन आहे. त्याला ओढ्यात किंवा तळ्यात सोडून देणे ही दया नव्हे. तेथे तो जगणार नाही.

आणि आपल्या किनाऱ्यावरील समुद्री संन्यासी खेकडा? त्याची गोष्ट याहूनही कठीण. समजा, शाळेची सहल अलिबागला गेली आहे. एका मुलाने खडकांतील डबक्यात चालता शंख पाहिला आणि बाटलीत थोडे समुद्राचे पाणी घेऊन त्यात तो घातला. गाडीत सारे त्याच्याभोवती जमतात. रात्री घरी पोहोचेपर्यंत पाणी तापलेले आणि त्यातील प्राणवायू सरत आलेला असतो. सकाळी मुलगा घाईघाईने नळाचे ताजे पाणी भरतो, पोळीचा तुकडा टाकतो. दुपारपर्यंत खेकडा शंखातून अर्धा बाहेर लोंबू लागतो. जो प्राणी मरण समोर आले तरी शंख सोडीत नाही, तो स्वतःहून घराबाहेर आला, याचा अर्थ काय, हे आता तुम्हांला सांगावयास नको. मुलाच्या मनात प्रेमच होते. परंतु ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्याला काय हवे, हे ठाऊक नसले, तर प्रेमानेही प्राण जातो.

आता आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या ओढ्यातील खेकड्याची मादी आपली अंडी पोटाच्या पट्टीखाली सांभाळते आणि त्यांतून अगदी लहान आकाराचे, पण पुरते खेकडेच बाहेर पडतात. काही काळ ती त्यांना तेथेच बाळगते. त्यामुळे या खेकड्याचे सारे जीवन ओढ्याकाठीच पुरे होते. संन्यासी खेकड्याचे तसे नाही. जमिनीवर राहणारी मादीसुद्धा अंडी फुटण्याच्या वेळी समुद्राकडे जाते. तिची पिले लाटांवर तरंगत वाढतात, अनेकदा रूप बदलतात, आणि पुढे एखादा इवलासा शंख मिळवून किनाऱ्यावर येतात. माणसाच्या घरातील पेटीत समुद्राच्या लाटा कोठून आणावयाच्या? म्हणूनच दुकानात विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक संन्यासी खेकडा कोणत्या तरी किनाऱ्यावरून पकडून आणलेला असतो. गाय, शेळी, कोंबडी यांची पैदास आपण घरी करतो. याची करू शकत नाही. जपानने १९७० साली जमिनीवरील संन्यासी खेकड्यांना राष्ट्राचा नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण दिले.

म्हणजे संन्यासी खेकड्याचे बिऱ्हाड पाठीवरच्या शंखात संपत नाही. दमट हवा, ओली वाळू, भरती-ओहोटी, सोबती आणि सारा समुद्र मिळून त्याचे घर होते. शंख उचलून आणता येतो. घर उचलून आणता येत नाही.

मग समुद्रापासून दूर राहणाऱ्या मुलांनी या प्राण्यासाठी काय करावे? पहिले काम सोपे आहे. किनाऱ्यावर गेलात, तर शंख पाहा, चित्र काढा, त्याचे वेढे मोजा, आणि तो होता तेथेच ठेवा. शंख रिकामा आहे की राहता, हे ओळखण्याची युक्ती अशी : तो ओल्या वाळूवर सावलीत ठेवावा आणि चार पावले मागे सरून निश्चल उभे राहावे. आत कोणी असेल, तर काही मिनिटांत प्रथम दोन मिशा, मग देठावरचे दोन डोळे आणि मग पाय बाहेर येतील. कोणी बाहेर आले नाही, तरी तो शंख तेथेच असू द्यावा. तो उद्याच्या भाडेकरूसाठी आहे. दगड उलटून पाहिला, तर पुन्हा होता तसा ठेवावा, कारण त्याखालीही कोणाचे तरी बिऱ्हाड असते. मुंबईच्या किनाऱ्यावरील जीवसृष्टीची लोकांना ओळख करून देण्यासाठी २०१७ साली ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ नावाचा उपक्रम नागरिकांनी सुरू केला. ओहोटीच्या वेळी जाणकारांबरोबर खडकांतून हिंडावयाचे आणि काहीही न उचलता फक्त पाहावयाचे, छायाचित्रे घ्यावयाची, अशी त्यांची रीत. आसनगावच्या स्थानकावरून लोकलने मुंबई गाठता येते. पाळण्यापेक्षा पाहण्यात अधिक मिळते, हे तेथे गेल्यावर पटेल.

दुसरे काम घरबसल्या करावयाचे आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. आसनगाव-शहापूरजवळून वाहणारी भारंगी भातसा नदीला मिळते. भातसेचे पाणी पुढे उल्हास नदीत जाते आणि उल्हास वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्राला मिळते. म्हणजे तुमच्या ओढ्यात पडलेली प्लॅस्टिकची बाटली पावसाळ्यात एक दिवस समुद्रावर पोहोचू शकते. तेथे ती काय करते, ते ऐका. वाळूवर तिरपी पडलेली बाटली पाहून खेकडा आत शिरतो. आतली भिंत गुळगुळीत असल्याने त्याला पुन्हा वर चढता येत नाही आणि तो आतच मरतो. आपल्यातील एखादा मेला, म्हणजे एक शंख रिकामा झाला, हे इतर खेकड्यांना त्याच्या वासावरून कळते. घराच्या आशेने तेही त्याच बाटलीत शिरतात आणि तेही मरतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हिंदी महासागरातील कोकोस बेटे आणि प्रशांत महासागरातील हेंडरसन बेट येथील कचऱ्याची पाहणी करण्यात आली. या दोन ठिकाणी मिळून सुमारे ५ लाख ७० हजार संन्यासी खेकडे अशा कचऱ्यात अडकून मेले असावेत, असा अंदाज शास्त्रज्ञांनी वर्तविला. एकाच डब्यात पाचशेहून अधिक खेकडे सापडल्याचेही त्यांनी नोंदविले आहे.

२०२४ साली दुसरे एक संशोधन प्रसिद्ध झाले. जगभरातील लोकांनी काढलेली छायाचित्रे तपासून शास्त्रज्ञांनी ३८६ संन्यासी खेकडे असे शोधून काढले, की ज्यांच्या पाठीवर शंख नव्हता. बाटलीची टोपणे, काचेचे तुकडे, दिव्यांचे भाग अशा वस्तू होत्या. जमिनीवर राहणाऱ्या संन्यासी खेकड्यांच्या १६ जातींपैकी १० जातींत हा प्रकार दिसला. आपण टाकलेले टोपण खेकडा घर म्हणून पाठीवर घेतो, हे चित्र पाहून प्रथम हसू येते. थोडा विचार केला, की ते मावळते.

मुलांनो, कुत्रा, मांजर, पोपट, खेकडा, कोणताही जीव घरी आणण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : ‘याचे घर केवढे आहे, आणि तेवढे घर मी याला देऊ शकेन काय?’ उत्तर होय असेल, तर त्याला आणावे आणि अखेरपर्यंत सांभाळावे. उत्तर नाही असेल, तर तो जेथे आहे तेथे त्याला सुखाने नांदू द्यावे. संन्यासी खेकड्याच्या बाबतीत आपल्याला फारसे करावयाचे नाही. त्याचा शंख किनाऱ्यावर राहू द्यावयाचा आणि आपला कचरा ओढ्यात जाऊ द्यावयाचा नाही. एवढे केले, तर आसनगावात राहूनही आपण समुद्रावरच्या एका बिऱ्हाडाची काळजी घेतली, असे होईल.

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) संन्यासी खेकडा शंखात का राहतो?
(आ) त्याच्या शेवटच्या दोन जोड्या पायांचा उपयोग कोणता?
(इ) कवच टाकण्याच्या काळात त्याला त्रास का देऊ नये?
(ई) मिठाचे पाणी आणि समुद्राचे पाणी यांत फरक कोणता?

२. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मोठा शंख किनाऱ्यावर आला असता खेकड्यांची घरे कशी बदलतात?
(आ) ओढ्यातील खेकडा आणि संन्यासी खेकडा यांच्या शरीरात व पिलांच्या वाढीत कोणते भेद आहेत?
(इ) ओढ्यात टाकलेली बाटली समुद्रावरील खेकड्यांच्या मरणास कारण कशी होते?

३. ‘शंख उचलून आणता येतो, घर उचलून आणता येत नाही.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
जीव मुठीत धरणे, वाटेला न जाणे, हुडकून काढणे, अंदाज वर्तविणे.

५. घर या शब्दाला जवळचे असे चार शब्द लिहा आणि त्यांच्या अर्थांत कोणता सूक्ष्म भेद आहे ते सांगा.

६. उपक्रम : तुमच्या गावातील ओढा किंवा नदी कोणकोणत्या नद्यांना मिळत समुद्रापर्यंत जाते, ते नकाशावर शोधा व त्या वाटेचे चित्र वहीत काढा. ओढ्याच्या काठावर पावसाळ्यापूर्वी कोणता कचरा पडलेला असतो, त्याची यादी करून वर्गात वाचून दाखवा.